पोरांसाठी शहर गाठायचं, की इथंच राहायचं?

पत्र: आम्ही एका छोट्या गावात राहतो. मुलगी 14 वर्षांची आहे, मुलगा 7 वर्षांचा. नवऱ्याचं दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. गिऱ्हाईक सगळं इथलंच, त्यामुळे धंदा उचलून दुसरीकडे नेणं शक्य नाही. मुलगी गणितात हुशार आहे, पण तिच्या शाळेत दोन वर्षं झाली, विज्ञानाला कायमचा शिक्षक नाही. जवळच्या मोठ्या गावात बरी शाळा आहे, पण बसने जायला तास लागतो. माझी नणंद शहरात असते. तिचं म्हणणं, मी दोन्ही मुलांना घेऊन शहरात एक खोली भाड्याने घ्यावी, तिथल्या नामांकित शाळेत त्यांना घालावं आणि ह्यांनी इथे राहून पैसे पाठवावेत. ‘त्या गावात राहिलात तर पोरांचं वाटोळं होईल,’ असं ती सरळ बोलली. तेव्हापासून डोळ्याला डोळा लागत नाही. हे काहीच बोलत नाहीत. मुलगी म्हणते, मला मैत्रिणींना सोडून कुठेही जायचं नाही. आपण कुठे राहतो याने मुलांच्या आयुष्यात खरंच एवढा फरक पडतो का? पडत असेल तर आई म्हणून मी चुकतेय का? आणि हे सगळं मुलीशी बोलायचं, की आपणच ठरवून टाकायचं?

ताई,

मधला प्रश्न आधी घेते, कारण झोप त्याने उडवली आहे. तुम्ही चुकत नाही आहात. पण एवढं म्हणून तुमचं समाधान होणार नाही, म्हणून एक जुनी हकिकत सांगते.

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात सॅन अँटोनिओ नावाचं शहर आहे. तिथे शाळांच्या खर्चाचा एक मोठा भाग त्या त्या भागातल्या घरांच्या किमतीवर बसवलेल्या करातून यायचा. 1967-68 साली एजवूड या गरीब भागातले लोक दर 100 डॉलर किमतीमागे 1.05 डॉलर कर भरत होते आणि त्यातून एका मुलामागे जमत होते 26 डॉलर. त्याच शहरातल्या अलामो हाइट्स या सधन भागात कराचा दर होता 85 सेंट आणि मुलामागे जमत होते 333 डॉलर. गरिबांनी चढ्या दराने कर भरला, तरी स्थानिक करातून त्यांच्या मुलांच्या वाट्याला आला साधारण तेरावा हिस्सा. एजवूडच्या पालकांनी 1968 मध्ये खटला भरला. त्यांच्यातल्या देमेत्रिओ रॉड्रिग्ज यांच्या नावाने तो ओळखला जातो. 1973 मध्ये सर्वोच्च न्यायालयात 5 विरुद्ध 4 अशा मतांनी ते हरले.

त्या आईबापांचं काय चुकलं होतं? ते राबत होते, करही जास्त भरत होते, मुलांसाठी कोर्टापर्यंत गेले. त्यांचं घर चुकीच्या रेषेच्या अलीकडे होतं, एवढंच. तुमच्या मुलीच्या शाळेतली शिक्षकाची जागा रिकामी आहे ती ती भरायची जबाबदारी ज्यांची आहे त्यांनी भरली नाही म्हणून. तो दोष तुम्ही पदरात घेऊ नका. नणंदबाईंच्या बोलण्यामागे काळजीच असेल, पण ‘वाटोळं’ हा शब्द आईच्या तोंडावर फेकण्याचा नाही.

आता पहिला प्रश्न. राहतो त्या जागेने फरक पडतो का? पडतो, आणि बराच पडतो. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी हे लपवणार नाही. पण हा फरक कोणाला पडतो, कोणत्या वयात पडतो आणि कशामुळे पडतो, हे पाहिल्याशिवाय सामान बांधायला घेऊ नका.

यावर आजवर झालेला सगळ्यात मोलाचा प्रयोग अमेरिकेतलाच आहे. 1994 ते 1998 या काळात बाल्टिमोर, बोस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क या पाच शहरांत अत्यंत गरीब सरकारी वसाहतींतल्या सुमारे 4,600 कुटुंबांच्या नावाच्या चिठ्ठ्या काढल्या गेल्या. काहींना घरभाड्याची मदत मिळाली, पण अट अशी की गरिबी कमी असलेल्या भागातच घर घ्यायचं. काहींना बिनअटीची मदत मिळाली, काहींना नवं काहीच मिळालं नाही. चिठ्ठीने निवड झाल्यामुळे ‘जे गेले ते मुळातच धडपडे असतील’ ही शंका उरली नाही. सुरुवातीची वर्षं निकाल पाहून सगळे हिरमुसले. मोठ्या माणसांच्या मनावरचा ताण कमी झाला होता, तब्येतीही काही बाबतींत सुधारल्या होत्या, पण मुलांच्या परीक्षेतल्या गुणांत फरक जवळजवळ नव्हता. प्रयोग फसला, असं बऱ्याच जणांना वाटलं.

मग मुलं मोठी झाली. राज चेट्टी, नॅथॅनियल हेंड्रेन आणि लॉरेन्स कॅट्झ या अर्थशास्त्रज्ञांनी 2015 मध्ये त्यांच्या कमाईच्या नोंदी तपासल्या तेव्हा चित्र पालटलं. 13 वर्षांच्या आत चांगल्या वस्तीत गेलेली मुलं विशीच्या मध्यावर, न गेलेल्या मुलांपेक्षा सुमारे 31 टक्के जास्त कमवत होती. कॉलेजात जाणाऱ्यांचं प्रमाणही वाढलं होतं. आणि 13 च्या पुढच्या वयात गेलेली? त्यांना फायदा झाला नाही. उलट थोडं नुकसान झाल्याची लक्षणं दिसली.

तुमच्या घरात एक मूल 7 वर्षांचं आहे आणि एक 14 चं, म्हणून हे इतक्या तपशिलात लिहिते आहे. नणंदबाईंच्या योजनेत दोघांना एकच औषध आहे.

वयाने एवढा फरक का पडावा? एक कारण असं की वस्तीचा परिणाम वर्षावर्षाने साठत जातो. चेट्टी आणि हेंड्रेन यांनी पुढे 70 लाखांहून जास्त स्थलांतरित कुटुंबांच्या नोंदी पाहिल्या. त्यांना आढळलं की चांगल्या भागात काढलेल्या दर वर्षामागे मूल तिथल्या मुलांच्या पुढच्या कमाईच्या दिशेने साधारण 4 टक्के सरकतं. लहान मुलाच्या हाती अशी दहा-पंधरा वर्षं असतात, चौदाव्या वर्षी फार थोडी. दुसरं कारण आईला सांगायला नको. चौदाव्या वर्षी मैत्रिणी तुटणं, शिक्षक बदलणं, वर्गात पुन्हा अनोळखी होणं याची किंमत मोठी असते. लहान मूल ती भरून काढतं. मोठ्या मुलीला ती ऐन महत्त्वाच्या वर्षांत मोजावी लागते. मुलगी ‘मैत्रिणींना सोडून जायचं नाही’ म्हणते त्याला हट्ट समजू नका. तिच्यापुरतं तिचं बरोबर आहे.

या प्रयोगाची मर्यादाही सांगते, नाहीतर तुम्ही त्यातून भलताच अर्थ काढाल. ती कुटुंबं निघाली होती गोळीबार, टोळ्या आणि टोकाची गरिबी असलेल्या वसाहतींतून. तुमचं गाव तसं नाही. तुमच्या घरात चालता धंदा आहे, मुलीला जीव लावणाऱ्या मैत्रिणी आहेत. शिवाय तिथे घर बदललं होतं, वस्ती बदलली होती. बऱ्याच मुलांच्या शाळा त्यामानाने फारशा सुधारल्या नव्हत्या, तरी फायदा झाला. तुमच्यापुढे जी योजना ठेवली आहे तिचा सगळा भर मात्र शाळेच्या नावावर आहे.

म्हणून त्या नावाकडे वळू. नामांकित शाळेतली मुलं पुढे जातात हे डोळ्यांना दिसतं. पण ती शाळेमुळे पुढे जातात, की पुढे जाणारी मुलंच ती शाळा वेचून घेते? हे ओळखायची एक चांगली रीत आहे. प्रवेशपरीक्षेत एका गुणाने आत गेलेली मुलं आणि एका गुणाने बाहेर राहिलेली मुलं घ्यायची. ती मुळात सारखीच असतात. मग काही वर्षांनी पाहायचं. बोस्टन आणि न्यूयॉर्कच्या नामवंत सरकारी शाळांबाबत हा हिशेब 2014 मध्ये प्रसिद्ध झाला आणि दोन्ही गटांच्या पुढच्या गुणांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. केनियातल्या राष्ट्रीय दर्जाच्या शाळांबाबतही त्याच वर्षी असाच निष्कर्ष आला. रुमानियात चांगल्या शाळेत गेलेल्यांचे गुण थोडे वाढले खरे, पण तिथे आणखी दोन गोष्टी लक्षात आल्या: चांगल्या शाळेत मूल लागल्यावर आईबापांनी अभ्यासातली मदत कमी केली, आणि काठावर पास होऊन आत गेलेली मुलं स्वतःला इतरांपेक्षा कमी समजायला लागली. आज तुमची मुलगी तिच्या वर्गात ‘गणितात हुशार’ आहे. हे बिरूद चौदाव्या वर्षी हिरावून घेण्याआधी चार वेळा विचार करा.

चांगला शिक्षक मिळाला काय, न मिळाला काय, सारखंच, असं मी म्हणत नाही. चांगल्या शिक्षकाने फरक पडतोच, आणि तुमच्या मुलीला विज्ञानाचा शिक्षक हवाच. माझं म्हणणं एवढंच की फाटकावरच्या नावासाठी घराचे दोन तुकडे करावेत इतकं त्या नावात काही असल्याचा पुरावा नाही.

आणि ती एक खोली नेमकी कुठे आहे? ‘शहर’ ही एक जागा नसते. 2018 मध्ये चेट्टींच्या गटाने अमेरिकेतल्या वस्त्यावस्त्यांचा नकाशा प्रसिद्ध केला. कोणत्या वस्तीत वाढलेली मुलं पुढे काय कमावतात, हे त्यात दाखवलं आहे. एकमेकींना लागून असलेल्या दोन वस्त्यांत वाढलेल्या, सारख्याच गरीब घरच्या मुलांच्या पुढच्या आयुष्यात प्रचंड तफावत सापडली. शहराचं नाव तेच, रस्ता ओलांडला की नशीब वेगळं. तुमच्या ऐपतीतली खोली चांगल्या शाळेजवळ मिळाली तरी आजूबाजूला कोण राहतं, मूल संध्याकाळी खेळणार कुठे, तुम्ही कामाला बाहेर पडलात तर घरी कोण असेल, हे शाळेच्या माहितीपत्रकात नसतं. ज्या शहरांत राहत्या पत्त्यावरून प्रवेश ठरतो तिथे तर चांगली शाळा घराच्या किमतीतच धरलेली असते. बोस्टनच्या उपनगरांत शाळांच्या हद्दीच्या रेषेच्या अल्याड-पल्याडच्या घरांची तुलना सँड्रा ब्लॅक यांनी केली होती. ती 1999 मध्ये प्रसिद्ध झाली. शाळेतल्या मुलांचे परीक्षेतले गुण 5 टक्के जास्त असले तर त्या बाजूच्या घरासाठी लोक सुमारे 2.5 टक्के जास्त मोजत होते. म्हणजे ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांनाच चांगली शाळा परवडते, आणि बाकीच्यांनी एका खोलीत दाटीवाटीने राहून ती गाठायची. मला याचा मनापासून राग येतो.

मग जागेने फरक पडतो तो नक्की कशाने? माझ्या मते सगळ्यात जास्त पडतो तो मुलाला रोज कोण दिसतं याने. अमेरिकेतल्या सुमारे 12 लाख पेटंटधारकांच्या (नव्या शोधाचे हक्क ज्यांच्या नावावर आहेत अशांच्या) नोंदींवरून, कोणत्या वातावरणात वाढलेली मुलं संशोधक होतात, याचा एक अभ्यास आहे. त्यात दिसलं की नवं काही शोधणारी माणसं आजूबाजूला असलेल्या भागात वाढलेली मुलं स्वतःही तिकडे वळतात, आणि वळतात तीही त्याच विषयात. आज बोस्टनमध्ये राहणाऱ्या दोन संशोधकांतला एक सिलिकॉन व्हॅलीत वाढलेला असेल तर त्याचं पेटंट संगणकातलं असण्याचा संभव जास्त. दुसरा मिनियापोलिसला, वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यांच्या सावलीत वाढलेला असेल तर त्याचं पेटंट वैद्यकीय उपकरणाचं असण्याचा संभव जास्त. मुलींच्या बाबतीत तर आणखी नेमकी गोष्ट सापडली. परिसरात त्या विषयातल्या संशोधक स्त्रिया असतील तर मुली त्या विषयाकडे जातात. नुसते पुरुष असून तो परिणाम होत नाही. ताई, तुमच्या मुलीने गणितावर पोट भरणारी एक तरी बाई जवळून पाहिली आहे का? नसेल, तर तुमच्या गावात राहण्याचं खरं नुकसान हे आहे. पण ते भरून काढायला घर हलवावं लागत नाही.

दुसरा फरक पडतो माहितीने. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाने 2015 पासून एक साधी गोष्ट करून पाहिली. कमी उत्पन्नाच्या घरांतल्या हुशार मुलांना घरी पत्र पाठवलं: तुला प्रवेश मिळाला तर चार वर्षांची शिक्षणाची फी पूर्ण माफ, त्यासाठी उत्पन्नाचे वेगळे कागद भरायची गरज नाही. ज्यांना पत्र गेलं त्यांच्यातल्या साधारण 68 टक्के मुलांनी अर्ज केला. ज्यांना गेलं नाही त्यांच्यातल्या 26 टक्क्यांनी. प्रत्यक्ष प्रवेश घेणारे 12 टक्क्यांवरून 27 टक्क्यांवर गेले. यात खरी गोम अशी की आधीच्या नियमांनीही त्या मुलांना जवळपास तेवढीच मदत मिळाली असती. पैसे होतेच. त्यांच्या घरी आणि त्यांच्या शाळेत ते सांगणारं कोणी नव्हतं. सुशिक्षित वस्तीतल्या मुलाला ही माहिती जेवताना, गाडीत, शेजारच्या दादाकडून आपसूक मिळते. तुमच्या मुलीला ती कोणीतरी मुद्दाम आणून द्यावी लागेल.

तिसरा फरक अंतराचा. अफगाणिस्तानातल्या घोर प्रांतात 2007 मध्ये 31 खेड्यांपैकी 13 खेड्यांना चिठ्ठीने निवडून गावातच शाळा दिली गेली. शाळा एक मैल लांब असली की नाव घालणाऱ्या मुलांचं प्रमाण शंभरात 16 ने घसरतं, आणि मुलींचं मुलग्यांपेक्षा जास्त, असं तिथे दिसलं. शाळा गावात आली तेव्हा नाव घालण्यातलं मुलामुलींमधलं अंतर जवळजवळ मिटलं. बिहार सरकारने 2006 मध्ये माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. त्याने मुलींचं प्रमाण 32 टक्क्यांनी वाढलं आणि मुलगे-मुलींतली तफावत 40 टक्क्यांनी घटली. अंतराचा जाच मुलींना जास्त, कारण त्यात वेळेसोबत घरच्यांची भीतीही मोजली जाते. तासभराची बस म्हणजे दिवसाचे दोन तास, आणि अंधार पडायच्या आत घरी पोचायची घाई. तुम्ही ती शाळा आजवर का टाळलीत ते मला समजतं.

आता मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं ते सांगते. नणंदबाईंची योजना मी नाकारली असती. शहर वाईट म्हणून नाही. या योजनेत मुलांना मिळणाऱ्या गोष्टी अंधूक आहेत आणि सुटणाऱ्या गोष्टी स्पष्ट: वडील रोज दिसणार नाहीत, दोन चुली पेटणार, मुलीचं वर्ष विस्कटणार, आणि तुम्ही एकट्या सगळ्याला पुऱ्या पडणार.

मुलीला आत्ता हलवू नका. ती तशीही काही वर्षांत शाळा संपवून पुढच्या शिक्षणाला बाहेर पडेल. त्या टप्प्यावर सगळीच मुलं नवी असतात, कोणीच आधीपासूनच्या मैत्रीच्या कोंडाळ्याबाहेर उभं नसतं. जायचं ते तेव्हा. तोवर विज्ञानाची भरपाई करायची आहे. चार-पाच मुलींचा गट जमवा. निवृत्त शिक्षक असेल, कॉलेजात विज्ञान शिकणारी कोणी गावची मुलगी असेल, तिला आठवड्यातून दोनदा मानधन देऊन बोलवा. मोबाइलवर धडे पाहणं चालेल, पण गटाने पाहावेत आणि मधे थांबवून एकमेकींना समजावून सांगावेत. एकटीने पाहिलेला धडा डोळ्यांपुढून निघून जातो. शिवाय तुमच्या घरातच वर्कशॉप आहे. मोटर उघडल्यावर आत तारेची वेटोळी का असतात, बेअरिंग का तापतं, फ्यूज का उडतो, हे तिला वडिलांनी दाखवावं. तिच्या शाळेत दोन वर्षांत जे झालं नाही ते त्या टेबलावर होऊ शकतं, आणि गप्प बसलेल्या माणसाला या सगळ्यात एक जागा मिळेल.

नणंदबाईंशी वाद घालू नका, त्यांना काम द्या. त्यांना म्हणा, सुट्टीत मुलीला दोन आठवडे तुमच्याकडे पाठवते. त्या काळात तिला तुमच्या ओळखीतल्या नोकरी करणाऱ्या दोन-तीन बायकांना भेटवा: बँकेतली, प्रयोगशाळेतली, संगणकावर काम करणारी, जी कोणी असेल ती. त्यांच्या टेबलाशी तिला तासभर बसू द्या. त्या काय शिकल्या, कुठे शिकल्या, फी कोणी भरली, हे तिने स्वतः विचारावं. शिष्यवृत्त्या, प्रवेशाच्या तारखा, वसतिगृहं यांची माहिती एका वहीत उतरवून आणायची जबाबदारीही तिचीच. शहराचा जो खरा फायदा आहे तो असा थोडाथोडा घरी आणता येतो.

मुलाची गोष्ट वेगळी आहे. तो 7 वर्षांचा आहे आणि त्याच्याबाबत घाई नसली तरी बेफिकिरीही नको. तुमच्या पत्रात दोनच वाटा आहेत, गाव किंवा शहर. मला तिसरी दिसते: तासाच्या अंतरावरचं ते मोठं गाव, जिथे बरी शाळा आहे. मुलांनी तास बसमध्ये घालवायचा असं सगळे धरून चालले आहेत. तो तास मोठ्या माणसाने का घालवू नये? घर तिकडे हलवायचं, वर्कशॉप इथेच ठेवायचं, यजमानांनी सकाळी यायचं आणि रात्री घरी परतायचं. गिऱ्हाईक तुटत नाही, वडील रोज घरी असतात, आणि मुलगा शाळेत पायी जातो. दमणूक त्यांची होईल हे खरं, आणि भाड्याचा हिशेबही घालावा लागेल, पण शहरातली खोली आणि दोन संसार यांच्यापुढे तो खर्च बहुधा कमीच भरेल. हे उद्याच करायचं नाही. मुलीची शाळा संपेपर्यंत थांबलात तरी मुलगा अजून लहानच असेल आणि त्याच्या हाती पुरेशी वर्षं असतील. तोवर त्या गावात दोन-चार वेळा जाऊन या. शाळेत शिक्षकांच्या जागा भरलेल्या आहेत का, ते टिकतात का, शाळा सुटल्यावर मुलं काय करतात, हे स्वतः पाहा. निकालाच्या फलकावर विसंबू नका.

एक गोष्ट मात्र जिथे आहात तिथेच करायला हवी, आणि ती मुलगी तिथे आहे तोवरच करण्यात अर्थ आहे. शिक्षकाच्या रिकाम्या जागेबद्दल लेखी अर्ज द्या. एकटीने नको, त्या वर्गातल्या सगळ्या पालकांच्या सह्या घेऊन. पोच घ्या, महिन्याने पुन्हा विचारायला जा. काळजी करणारे पालक एक एक करून निघून जातात तेव्हा मागे राहिलेल्या शाळेसाठी बोलणारं कोणी उरत नाही. हे ओझं तुमच्यावर टाकत नाही, तुम्ही पुढे गेलात तरी कोणी बोट दाखवू नये. पण शाळा मुलांपर्यंत नेणं ही सरकारची जबाबदारी आहे आणि ते होऊ शकतं. इंडोनेशियाने 1973 ते 1978 या काळात 61,000 हून जास्त प्राथमिक शाळा बांधल्या. जिथे शाळांची कमतरता जास्त तिथे जास्त बांधल्या. पुढे नोबेल मिळालेल्या एस्थर दुफ्लो यांनी दाखवलं की त्या भागांतली मुलं जास्त शिकली आणि मोठेपणी त्यांची मिळकतही वाढली. त्यांच्या आईबापांना गाव सोडावं लागलं नाही.

राहिला मुलीशी बोलण्याचा प्रश्न. आधी यजमानांशी बोला. जी योजना ऐकून ते गप्प आहेत तिच्यात त्यांच्या वाट्याला रिकामं घर आणि पैसे पाठवण्याचं काम आलं आहे. मनातून ‘नको’ वाटत असेल, पण मुलांच्या आड आलो असं व्हायला नको म्हणून जीभ उचलत नसेल. त्यांना सरळ विचारा, ‘तुम्हाला काय वाटतं?’ आणि ते बोलेपर्यंत थांबा. मग मुलीला घेऊन तिघं बसा. आकडे समोर ठेवा, भाडं, फी, बसचं भाडं, सगळं. चौदा वर्षांच्या मुलीला हे कळतं, आणि आपल्यापासून काही लपवलेलं नाही हेही कळतं. तिच्या स्वतःच्या शाळेबाबत तिच्या शब्दाला पुरं वजन द्या. भावाबाबत आणि घर हलवण्याबाबत तिचं ऐका, पण ठरवा तुम्ही दोघांनी. आणि शाळेत सह्यांचा अर्ज द्यायला जाल तेव्हा तिलाही सोबत न्या. विज्ञानाचे कोणते धडे शिकवलेच गेले नाहीत, कोणता प्रयोग कधी झालाच नाही, हे मुख्याध्यापकांना तिच्याइतकं नेमकं तुमच्यापैकी कोणी सांगू शकणार नाही.